हेल्थ पॉलिसीत पीएचडी: अर्ज, मंजुऱ्या आणि ओळ क्रमांक ५२

२०२४च्या एप्रिलमध्ये माझा पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा, झाला. विषय आरोग्य धोरण आणि प्रशासन, विद्यापीठ अमेरिकेतलं. कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगसाठी इकडे येणाऱ्यांना विचारायला दहा माणसं सापडतात. या विभागात नेमकं काय चालतं, तिथली वर्षं कशी जातात, हे मराठीत सांगणारं मला तेव्हा कोणी भेटलं नाही. म्हणून जे जसं घडलं तसं, तारखा आणि पैशांसकट लिहिते आहे. येण्याआधी मी काही वर्षं रुग्णालयाच्या प्रशासनात होते, बराच काळ कॅशलेस क्लेमच्या डेस्कवर. कोणत्या पेशंटसाठी कोण पैसे देणार, या प्रश्नाने मला इथवर आणलं.

फेब्रुवारी २०१९मध्ये प्रवेशाचं पत्र आलं. अशा पत्रात तीन गोष्टी शोधायच्या: ट्यूशन माफ आहे का, असिस्टंटशिपची, म्हणजे विभागातल्या पगारी कामाची, लेखी हमी किती वर्षांची आहे, आणि उन्हाळ्यात पगार मिळतो की नाही. माझ्या पत्रात चार वर्षांची हमी होती, पण ऑगस्ट ते मे एवढीच. उन्हाळ्याबद्दल अक्षरही नव्हतं. मी विभागाच्या ऑफिसला ईमेल केली. उत्तर आलं की बहुतेकांना कोणा ना कोणा प्राध्यापकांच्या ग्रँटवर (संशोधन निधीवर) काम मिळतं, हमी मात्र देता येत नाही. होकार कळवण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा, त्यात संकोच नको. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, त्यामुळे दोन पत्रं हातात असतील तर बसून नीट तुलना करता येते.

आय-२० हा विद्यापीठाचा व्हिसासाठी लागणारा कागद हातात आल्यावर सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदयंत्रणेचं, शुल्क मेमध्येच भरलं. तेव्हा ते २०० डॉलर होतं. २४ जून २०१९पासून ते ३५० झालं. व्हिसाचे १६० डॉलर वेगळे, २०२३मध्ये तेही १८५ झाले. शुल्कं वाढायची असली की तशी सूचना आधी निघते, तेव्हा कागद तयार असतील तर थांबू नका.

ऑगस्टमध्ये पोचले. पगारासाठी सोशल सिक्युरिटी नंबर काढावा लागतो, आणि देशात आल्यावर दहा दिवस थांबून मगच त्यासाठी अर्ज करा असं सांगितलं जातं, कारण तोवर तुमची नोंद त्यांच्या यंत्रणेत दिसेलच असं नाही. विभागाचं पत्र, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र, पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद) असं सगळं घेऊन गेले. पहिला पगार सप्टेंबरच्या शेवटी आला. तोपर्यंत खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, पुस्तकं, सगळं पदरचं. निदान दीड-दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच निघा.

विभागाबद्दल माझी कल्पना होती की इथे सगळे एकाच विषयाचे लोक असतील. तसं मुळीच नव्हतं. एका कॉरिडॉरमध्ये अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, संघटनशास्त्राचे लोक, एखादा वकील, आणि वीस-पंचवीस वर्षं हॉस्पिटल चालवून शिकवायला आलेले प्रशासक. खालच्या मजल्यावर बीएस (पदवी) आणि एमएचए (आरोग्य प्रशासनातली मास्टर्स) यांचे वर्ग. तिथली मुलं पुढे हॉस्पिटलच्या आणि विमा कंपन्यांच्या नोकऱ्यांत जाणार. एमएचएला केमी या संस्थेची मान्यता असते आणि तिची पाहणी जवळ आली की अख्खा विभाग फायलींत बुडतो. पीएचडीचे आम्ही मोजके. शुक्रवारच्या सेमिनारमध्ये एकच पेपर तीन बाजूंनी तपासला जायचा. अर्थशास्त्रज्ञ विचारायचे, तुलनेचा गट कुठला? समाजशास्त्रज्ञ विचारायचे, यात कोणती माणसं मोजलीच गेली नाहीत? आणि जुने प्रशासक विचारायचे, हे उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये राबवणार कोण? पहिल्या सत्रात मी गप्प बसून ऐकत असे. हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते आणि शेवटच्या वर्षापर्यंत कोणताही पेपर त्यांनाच धरून वाचला.

असिस्टंटशिप म्हणजे आठवड्याला वीस तास काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर त्यापेक्षा जास्त काम करताही येत नाही. माझ्याकडे बीएसच्या आरोग्यव्यवस्थेच्या प्राथमिक कोर्सचं काम आलं: पेपर तपासणं, आठवड्यातून दोनदा ऑफिस अवर. डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षात स्वतः भरायची रक्कम), कोपे (प्रत्येक भेटीला द्यायची ठरावीक रक्कम), कोइन्शुरन्स (बिलातला आपला टक्केवारीचा वाटा) हे मी पुस्तकातून शिकले होते. समोरची मुलं घरातल्या बिलांमधून शिकून आली होती. एका मुलीच्या वडिलांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर अख्ख्या घराचा विमाही गेला. नोकरीला जोडलेला विमा हे प्रकरण मला त्या दिवशी कळलं.

ऑक्टोबरमध्ये माझा घोटा मुरगळला आणि एक्स-रे काढावा लागला. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पाकीट आलं. आत एक तक्ता आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, हे बिल नाही. एका रकान्यात क्लिनिकने लावलेली रक्कम, पुढच्या रकान्यात विमा कंपनीने मान्य केलेली, जी पहिल्या रकमेच्या एक तृतीयांशही नव्हती, मग कंपनीने दिलेली आणि शेवटी मी देणं लागते ती. वर्षाचा डिडक्टिबल पुरा झालेला नसल्यामुळे मान्य झालेली सगळी रक्कम माझ्याच नावावर होती. वर्गात चौकोन काढून शिकवला जाणारा क्लिनिक आणि विमा कंपनी यांच्यातला दरकरार इथे माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. नाव आणि क्रमांक झाकून तो कागद मी पुढच्या वर्गात दाखवला. तासभर त्यावरच चर्चा झाली. नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगेन: असा कागद आणि प्रत्यक्ष बिल दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, रकमा जुळतात का पाहा, आणि रक्कम मोठी वाटली तर बिलिंग ऑफिसला फोन करून हप्ते मागा. बहुतेक ठिकाणी देतात.

करांचंही इथेच उरकते. एफ-१ वर आलेल्यांनी फॉर्म ८८४३ भरायचाच, कमाई असो वा नसो. पगार असेल तर १०४०-एनआर हे कर विवरणपत्र. भारत आणि अमेरिका यांच्या करारातल्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, जे बाकी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. भरताना ते सुटणार नाही याकडे लक्ष ठेवा.

मार्च २०२०मध्ये विद्यापीठ बंद झालं. आरोग्य धोरणाच्या विभागात त्या काळात असणं फार जड होतं. सकाळी वर्गात व्हेंटिलेटरच्या वाटपाचे निकष वाचायचे आणि रात्री घरच्यांना फोन करायचा. मग ६ जुलैला सरकारची सूचना आली: ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या एफ-१ विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. त्या आठवड्यात आम्ही परदेशी विद्यार्थी नीट झोपलो नाही. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले आणि १४ जुलैला सूचना मागे घेतली गेली. दावा उभा होता तो प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यावर, म्हणजे सरकारी खात्याने नियम बदलताना कारणं द्यावी लागतात आणि लोकांचा विचार करावा लागतो, या तत्त्वावर. तोच कायदा आम्ही वसंत सत्रात मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याच्या, नियमांच्या संदर्भात शिकलो होतो. परीक्षेपुरता वाचलेला तो धडा मी जुलैमध्ये पुन्हा काढून शब्दन् शब्द वाचला.

२०२१च्या उन्हाळ्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा. घरी बसून काही दिवसांत लांबलचक उत्तरं लिहायची आणि नंतर तोंडी. धोरण, संघटना आणि संशोधनपद्धती असे तीन भाग. विभागाकडे मागच्या वर्षांचे प्रश्न जपून ठेवलेले असतात, मागितले की मिळतात. मी रोज एक जुना प्रश्न घेऊन घड्याळ लावून लिहीत असे आणि एका वर्षाने पुढे असलेल्या सीनियरला वाचायला देत असे. तिने एक सवय लावली: प्रत्येक उत्तरात एक खराखुरा कार्यक्रम धरून बोलायचं. आरोग्यसेवेची गुणवत्ता म्हटलं की या विषयाचे अभ्यासक डोनाबेडियन यांची रचना, प्रक्रिया आणि फलित ही मांडणी सगळेच लिहितात. ती एखाद्या खऱ्या हॉस्पिटलला लावून दाखवली की परीक्षकांचा सूर बदलतो. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला होता. निकाल त्याच दुपारी कळला. पास.

यानंतर विषय ठरवायचा. मला तो एका फॉर्ममध्ये मिळाला. मेडिकेअरकडून पैसे घेणारं प्रत्येक हॉस्पिटल दरवर्षी कॉस्ट रिपोर्ट, म्हणजे कक्षागणिक खर्चाचा हिशेब, भरतं. तो सार्वजनिक असतो, कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. माझे ॲडव्हायझर वीस वर्षं त्याच रिपोर्टांवर काम करत होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी एका छोट्या ग्रामीण हॉस्पिटलचा रिपोर्ट उघडून ओळ क्रमांक ५२वर बोट ठेवलं. ही प्रसूतिकक्षाची ओळ. मागच्या वर्षी तिथे आकडा होता, या वर्षी रिकामी. म्हणाले, "इथे काय झालं ते शोध."

अमेरिकेत १९९७च्या कायद्याने क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल नावाचा प्रकार सुरू झाला. जास्तीत जास्त २५ खाटा, दुसऱ्या हॉस्पिटलपासून साधारण ३५ मैलांचं अंतर, सरासरी मुक्काम ९६ तासांच्या आत. बदल्यात मेडिकेअर ठरावीक दराऐवजी प्रत्यक्ष खर्चाच्या १०१ टक्के देतं. छोटी हॉस्पिटलं तगावीत म्हणून केलेली ही सोय. पण मेडिकेअर मुख्यतः ६५च्या पुढच्यांचं. बाळंतपणाला येणाऱ्या बायका त्यात जवळजवळ नसतातच. देशातल्या साधारण दहापैकी चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा, उचलतं आणि त्याचे दर राज्यागणिक वेगळे. काही राज्यं खर्चावर आधारित पैसे देतात, काही नाही.

आता त्या ५२व्या ओळीकडे या. रिपोर्टात इमारतीचा, सफाईचा, धुलाईचा खर्च सगळ्या कक्षांवर वाटला जातो: सफाई चौरस फुटांवर, धुलाई कपड्यांच्या वजनावर. प्रसूतिकक्ष चालू असेल तर त्या सामायिक खर्चाचा एक वाटा त्याच्याकडे जातो, आणि तिथे मेडिकेअरचे पेशंट नसल्यामुळे त्या वाट्याला मेडिकेअरकडून जवळपास काही मिळत नाही. कक्ष बंद केला की तोच सामायिक खर्च उरलेल्या कक्षांवर सरकतो आणि मेडिकेअर त्यातला हिस्सा भरू लागतं. जे धोरण हॉस्पिटल वाचवतं, त्याच धोरणाच्या हिशेबात प्रसूतिकक्ष ओझं ठरतो. हे कळल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचेना. विषय तिथेच ठरला: कक्ष बंद झाल्यावर बायका बाळंतपणाला किती लांब जातात आणि हॉस्पिटलच्या हिशेबात काय बदलतं.

कमिटी जमवायला २०२१चा हिवाळा गेला. चार जण हवेत, त्यातला एक विभागाबाहेरचा. बाहेरच्या सदस्याला विचारताना नुसतं "वेळ द्याल का" असं न लिहिता एका पानात प्रश्न, डेटा आणि वेळापत्रक पाठवा. मला दोन दिवसांत होकार आला. मे २०२२मध्ये प्रस्ताव मंजूर झाला.

मग मंजुऱ्यांचा काळ, आणि यावरच सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. मला दोन प्रकारची माहिती हवी होती. एक, राज्यवार इनपेशंट डेटाबेस, जे एएचआरक्यू या संघीय संस्थेच्या एचकप प्रकल्पातून विकत मिळतात. त्यात हॉस्पिटलमधून सोडलेल्या प्रत्येक पेशंटची निनावी नोंद असते. दुसरी, बंद झालेल्या कक्षांतल्या नर्स आणि प्रशासकांच्या मुलाखती. एचकपसाठी आधी छोटं ऑनलाइन प्रशिक्षण, मग डेटा-वापर करारावर सही. डेटाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची, म्हणजे ॲडव्हायझरांचीसुद्धा. दर राज्यागणिक आणि वर्षागणिक वेगवेगळे, त्यामुळे कोणती वर्षं खरोखर लागणार ते ठरवूनच मागणी करा. माझा खर्च विभागाच्या विद्यार्थी संशोधन निधीतून झाला, पण तो अर्ज वर्षातून एकदाच घेतात आणि मुदत ऑक्टोबरमध्ये संपते. पहिल्याच वर्षी ही तारीख विचारून ठेवा. आणखी एक: काही राज्यं हॉस्पिटलची ओळख दुसऱ्या यादीशी जोडू देत नाहीत. माझा प्रश्न हॉस्पिटलच्या पातळीवरचा असल्यामुळे अशी राज्यं सुरुवातीलाच गळाली. प्रस्ताव लिहायच्या आधी प्रत्येक राज्याच्या डेटात कोणते रकाने आहेत ते तपासलं होतं, म्हणून नंतर विषय मोडावा लागला नाही.

करारातली दोन कलमं अशी की त्यांनी अख्खा प्रबंध घडवला. दहा किंवा त्याहून कमी पेशंटांचा आकडा छापायचा नाही. जिथे महिन्याला मोजकीच बाळंतपणं होतात तिथे बहुतेक चौकटी दहाच्या आतच भरतात, म्हणून मला वर्षं एकत्र करावी लागली आणि महिन्यागणिक आलेखाचा विचार सोडावा लागला. दुसरं, या डेटावरून कोणतंही हॉस्पिटल ओळखू येईल असं लिहायचं नाही आणि त्याचा उपयोग करून कोणाशी संपर्क साधायचा नाही. म्हणजे मुलाखतींसाठी हॉस्पिटलं निवडायला हा डेटा वापरता येणार नव्हता. मी ती निवड फक्त सार्वजनिक कॉस्ट रिपोर्टांवरून केली आणि दोन्ही कामांच्या फायली वेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या. विद्यापीठाच्या डेटा-सुरक्षा विभागाने ही मांडणी लेखी मागितली.

मानवी सहभागाच्या संशोधनाला आयआरबीची, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची, परवानगी लागते. त्यासाठी लागणारं सिटी नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण मी पहिल्याच वर्षी केलं होतं, मधे मुदत संपल्यामुळे उजळणी करावी लागली. निनावी डेटाच्या भागाला "हे मानवी सहभागाचं संशोधन नाही" असा निर्णय लवकर मिळाला. मुलाखतींचा भाग सूट असलेल्या प्रकारात बसत होता, तरी आठवडे गेले, आणि प्रश्न आला तो अगदी नेमका. मी लिहिलं होतं की नावं देणार नाही, "प्रसूतिकक्षातली माजी नर्स" एवढंच लिहीन. परीक्षकाने विचारलं: ज्या गावात एकच हॉस्पिटल आणि त्या कक्षात चारच नर्स होत्या, तिथे एवढ्यावरून ओळख पटणार नाही का? प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिले. मला त्या परीक्षकाबद्दल आजही आदर आहे. शेवटी गाव तर नाहीच, राज्यही न लिहिता फक्त देशाचा विभाग लिहायचं ठरलं आणि नोकरीची वर्षं ढोबळ ठेवली. सप्टेंबर २०२२मध्ये मंजुरी आली. ती येईपर्यंत कोणालाही एक ईमेलसुद्धा पाठवायची नसते, अगदी "पुढे बोलायला आवडेल का" अशीही नाही.

मुलाखती हिवाळ्यात झाल्या, बहुतेक फोनवर. तेव्हाच, १ जानेवारी २०२३पासून, रूरल इमर्जन्सी हॉस्पिटल हा नवा प्रकार लागू झाला होता: भरती खाटा पूर्ण बंद करायच्या, आपत्कालीन आणि बाह्यरुग्ण सेवा ठेवायच्या, आणि मेडिकेअर दरमहा एक ठरावीक रक्कम देणार, पहिल्या वर्षी २,७२,८६६ डॉलर. प्रशासक हाच आकडा समोर ठेवून बोलत होते. नर्स वेगळं बोलायच्या. एकीने सांगितलं की कक्ष बंद झाल्यावर तिने आपत्कालीन विभागात प्रसूतीचं किट स्वतः भरून ठेवलं आणि रात्रपाळीच्या प्रत्येकीला ते उघडून दाखवलं, कारण दारात गाडी येऊन थांबणार हे तिला माहीत होतं. माझ्या प्रश्नावलीत किटबद्दल काही नव्हतं. पुढच्या मुलाखतींत मी ते विचारू लागले आणि त्यातून एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

२०२३ विश्लेषणात गेलं. हमीची चार वर्षं मेमध्ये संपली. पाचवं वर्ष ॲडव्हायझरांच्या ग्रँटवर निघालं. ते शक्य आहे का हे तिसऱ्या वर्षीच विचारून ठेवलं होतं आणि तुम्हीही ठेवा.

शेवटच्या सत्रात तारखा उलट्या मोजायच्या. ग्रॅज्युएट स्कूलची फॉरमॅट तपासणी फेब्रुवारीअखेर, कमिटीला मसुदा डिफेन्सच्या दोन आठवडे आधी, त्याआधी चौघांची एक सामायिक वेळ शोधणं, ज्याला मला महिना लागला. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. शिफारस असलेला नवा आय-२० मिळाला की ३० दिवसांत अर्ज पाठवावा लागतो. मी मार्चमध्ये केला, शुल्क ४१० डॉलर. १ एप्रिल २०२४पासून ऑनलाइन अर्जाला ४७० झाले. कार्ड जूनमध्ये आलं.

डिफेन्सला सर्वांत अवघड प्रश्न जुन्या प्रशासक सरांचाच आला: हिशेबाची पद्धत बदलली तर कक्ष पुन्हा उघडतील का? मी म्हटलं, नाही, एकदा गेलेल्या नर्स आणि डॉक्टर हिशेब बदलला म्हणून परत येत नाहीत. पण जे कक्ष अजून चालू आहेत ते टिकायला मदत होईल. त्यांनी मान हलवली आणि तोच मुद्दा शेवटच्या प्रकरणात दोन पानं वाढवून लिहायला सांगितला. ते वाढवून प्रबंध जमा केला, आयआरबीचा समारोपाचा फॉर्म भरला, मुलाखती दिलेल्या सगळ्यांना दोन पानी सारांश पाठवला. एक लेख आता जर्नलकडे आहे. जर्नल डेटा मागतं, करारामुळे तो देता येत नाही, म्हणून कॉस्ट रिपोर्ट वाचण्याचा कोड तेवढा खुला ठेवणार आहे. ज्यांना ५२वी ओळ स्वतः उघडून पाहायची असेल त्यांना तो पुरेल.